युतीत जावं की तटस्थ राहावं? फिनलंड आणि स्वित्झर्लंड यांची तुलना

परक्या भूमीवरचं युद्ध एखाद्या देशाचं परराष्ट्र आणि संरक्षण धोरण किती बदलू शकतं, हे बघायचं असेल तर फिनलंड आणि स्वित्झर्लंड यांच्यासारखी जोडी नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, तेव्हा हे दोन्ही देश नाटो या लष्करी युतीबाहेर होते. दोघांकडे पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा, दोघांकडे नागरिकांसाठी बंकर, आणि दोघांनीही एफ-३५ लढाऊ विमानांची निवड २०२१ मध्येच केलेली. तरीही एक देश साधारण तेरा महिन्यांत नाटोत गेला आणि दुसरा होता तिथेच राहिला. लहान देशाने कोणता रस्ता धरावा, यावर मत बनवू पाहणाऱ्याने हा फरक का पडला ते आधी समजून घ्यावं.

फिनलंडची रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा आहे आणि सोव्हिएत संघाने लादलेलं १९३९-४० चं हिवाळी युद्ध तिथे कोणी विसरलेलं नाही. पण नुसत्या भीतीने हा निर्णय झाला असं मला वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने नाटोचा यापुढे विस्तार होणार नाही अशी लेखी हमी मागितली होती. फिनलंड नाटोत जात नव्हता, मात्र वाटल्यास जाण्याची मुभा राखून होता, आणि ती मुभा हाच त्याच्या धोरणाचा कणा होता. नेमकी तीच काढून घ्यायची भाषा झाली. पाठोपाठ आक्रमण झालं आणि वर्षानुवर्षं अल्पमतात असलेला नाटोचा पर्याय काही आठवड्यांत बहुमताचा झाला. संसदेत १८८ विरुद्ध ८ मतांनी अर्जाला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड सदस्य झाला.

एक गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या अनेक देशांनी सक्तीची सेवा सोडली, फिनलंडने ती आणि मोठं राखीव सैन्य कायम ठेवलं. जेमतेम ५५ लाखांच्या देशाने युद्धकाळासाठी २,८०,००० सैनिक उभे करण्याची व्यवस्था ठेवली. हेलसिंकीत खडकात खोदलेल्या आश्रयस्थानांत एरवी पोहण्याचे तलाव आणि खेळाची मैदानं चालतात. वेळ आली की ती रिकामी करून लोकांना आत घ्यायचं. शेजारच्या स्वीडनने उलट केलं. २००५ मध्ये गॉटलंड बेटावरची रेजिमेंट बंद केली, २०१० मध्ये सक्तीची सेवा थांबवली, आणि २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यानंतर दोन्ही गोष्टी पुन्हा उभ्या कराव्या लागल्या.

युतीची किंमतही आहे. प्रवेशाला प्रत्येक सदस्याची संमती लागते. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनी अडवून धरल्यामुळे फिनलंडबरोबरच अर्ज केलेल्या स्वीडनला ७ मार्च २०२४ पर्यंत थांबावं लागलं. अर्ज केलेला, पण सामूहिक संरक्षणाची हमी नाही, हा मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो.

स्वित्झर्लंडभोवती ऑस्ट्रिया आणि चिमुकला लिख्टेनश्टाइन सोडले तर सगळे नाटोचेच सदस्य. रणगाडे थेट सीमेवर येण्याची धास्ती नाही, त्यामुळे १८१५ पासून मान्यता असलेली तटस्थता सोडायची निकड वाटली नाही. तिची परीक्षा झाली ती दारूगोळ्यावरून. जर्मनीने युक्रेनला दिलेल्या गेपार्ड विमानविरोधी रणगाड्यांना ३५ मिलिमीटरचा दारूगोळा हवा होता. जर्मनीकडे तो होता, पण स्वित्झर्लंडमध्ये बनलेला, आणि दुसऱ्याला द्यायचा तर बर्नची, म्हणजे स्विस सरकारची, परवानगी आवश्यक. बर्नने नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगतच होतं. पण जर्मनीने हा दारूगोळा आपल्याच देशात बनवायला घेतला, आणि स्विस शस्त्रांवर ऐनवेळी भरवसा ठेवता येतो का, हा प्रश्न गिऱ्हाइकांच्या मनात कायमचा शिरला.

दुसरीकडे स्वित्झर्लंडने युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले होते. युक्रेनने मॉस्कोत आपलं प्रतिनिधित्व करण्यासाठी त्याला निवडलं, तेव्हा रशियाने ‘तुम्ही आता तटस्थ नाही’ म्हणत ते नाकारलं. मध्यस्थी हा तटस्थतेच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. तो इथे लंगडा पडला, कारण तटस्थता आपण जाहीर करून भागत नाही, लढणाऱ्या दोन्ही बाजूंना ती मान्य असावी लागते.

माझं मत विचाराल तर, आक्रमक शेजाऱ्याशी थेट सीमा असेल तर फिनलंडचा रस्ता बरा, पण अर्ज करण्याआधी काही वर्षं स्वतःचं सैन्य सांभाळलेलं असेल तरच. भोवती मित्रदेश असतील तर तटस्थता परवडते. मात्र निर्बंध कुठवर पाळायचे आणि विकलेली शस्त्रं पुढे कोणाला देऊ द्यायची, हे शांततेच्या काळातच ठरवून गिऱ्हाईक देशांना स्पष्ट सांगितलेलं असायला हवं.