बुर्गहाउझेन: किल्ला जर्मनीत, पण बघायचा ऑस्ट्रियातून

म्युनिकहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय, असं विचारलं की साल्झबुर्ग, न्यूरेनबर्ग आणि नॉयश्वानश्टाइन ही तीन नावं ठरलेली. बुर्गहाउझेन त्यात सहसा येत नाही. जे जातात त्यांच्यातलेही बरेच जण किल्ल्यात शिरतात, संग्रहालयाचं तिकीट काढतात, दोन खोल्या बघून ‘बरा आहे’ म्हणतात आणि परततात. दोष गावाचा नाही, बघण्याच्या क्रमाचा आहे.

हा किल्ला 1,051 मीटर लांब आहे आणि जगातला सर्वांत लांब किल्ला म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. पण आत उभं राहिलं की एका वेळी एकच अंगण आणि पुढचा दरवाजा एवढंच दिसतं. एक किलोमीटरची लांबी नजरेत यायची तर झाल्त्साख नदीचा पूल ओलांडून समोरच्या आख गावात जायला हवं, आणि आख ऑस्ट्रियात आहे. सगळ्या दिवसाची आखणी त्या पुलाभोवती करावी.

आधी जागा समजून घ्या. झाल्त्साख ऑस्ट्रियात उगम पावते, साल्झबुर्गमधून येते आणि इन नदीला मिळण्याआधी शेवटचे साठेक किलोमीटर दोन देशांची सीमा होऊन वाहते. बुर्गहाउझेन तिच्या पश्चिम काठावर. नदी आणि डोंगराची सोंड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत जुनं गाव, सोंडेवर किल्ला, सोंडेच्या मागे व्योरझे तलाव, आणि उत्तरेला वरच्या पठारावर नवं गाव. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्यांना किल्ल्याची ठेवण लगेच कळेल. रेल्वे स्टेशन नव्या गावात आहे, जुन्या गावात नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांचा घोळ इथेच होतो: स्टेशनाबाहेर साधी आधुनिक वस्ती दिसते आणि आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो असं वाटतं.

म्युनिकहून म्यूलडॉर्फपर्यंत एक गाडी, तिथे बदलून बुर्गहाउझेनची छोटी डिझेल गाडी, असे साधारण दोन तास धरा. म्युनिकच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी मुख्य स्टेशनावर जायची गरज नाही, ओस्टबानहोफ या पूर्वेच्या स्टेशनाला हीच गाडी थांबते. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास, चालतं. ते नसेल तर बायर्न-टिकेट, म्हणजे बवेरिया राज्यातला एक दिवसाचा पास, घ्यावं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि माणसं वाढतील तसा माणशी खर्च उतरतो. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं, 8:50 च्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट. शनिवार-रविवारी ही अट नाही. खरी अडचण म्यूलडॉर्फला येते. म्युनिक–म्यूलडॉर्फ मार्गाच्या दुपदरीकरणाचं आणि विद्युतीकरणाचं मोठं काम चालू असल्याने गाड्यांना उशीर होतो, कधी त्याऐवजी बस सोडतात. जोडगाडी चुकली की पुढचीसाठी बहुतेक वेळा तासभर बसावं लागतं. आदल्या रात्री जर्मन रेल्वेच्या डेबे नाविगाटर ॲपमध्ये दोन्ही दिशांचं वेळापत्रक बघून ठेवा, परतीचं तर नक्कीच.

आता क्रम. पर्यटक नकाशे उत्तरेकडून, म्हणजे कुराप्लाट्झकडून किल्ल्यात शिरायला सांगतात. धडधाकट माणसाने याच्या उलट करावं. स्टेशनाहून बस पकडून थेट खाली श्टाटप्लाट्झ या मुख्य चौकात उतरा, लगेच पूल ओलांडून आखला जा, मग परत येऊन किल्ल्यावर चढा आणि सगळा किल्ला दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत कुराप्लाट्झला बाहेर पडा.

याला दोन कारणं आहेत. पहिलं ऊन. आखमधून तुम्ही पश्चिमेकडे बघत असता. सकाळी ऊन किल्ल्याच्या अंगावर असतं. उन्हाळी वेळेत एकच्या सुमाराला सूर्य दक्षिणेला येतो आणि नंतर किल्ल्याच्या मागे सरकतो. तीन वाजता काढलेल्या फोटोत काळी भिंत आणि पांढरं आकाश येतं. दुसरं कारण बस. शहर बसच्या फेऱ्या संध्याकाळी आणि रविवारी विरळ होतात. खालून स्टेशनापर्यंत चढावासकट अर्धा-पाऊण तास पायी जावं लागतं, तेही गाडी गाठायच्या घाईत. कुराप्लाट्झहून हेच अंतर सपाटीवरून वीस-पंचवीस मिनिटांचं आहे. थोडक्यात, चढ जेवणानंतर पाय ताजे असताना उरकतो आणि शेवट स्टेशनाजवळ होतो.

पुलावर फाटक नाही, शिक्का नाही. तरीही पासपोर्ट जवळ ठेवा, जर्मनीत राहणाऱ्यांनी निवास परवान्याचं कार्डही. सप्टेंबर 2015 पासून जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू ठेवली आहे. ती मुख्यतः महामार्गांवर आणि गाड्यांत होत असली तरी परत येताना कुणीही थांबवू शकतं आणि फोनमधला फोटो ग्राह्य धरला जाईलच असं नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी काळजी नको. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने पूल ओलांडल्याने प्रवेश ‘खर्च’ होत नाही. फोनचं मात्र बघा. जर्मन सिमला ऑस्ट्रियात वेगळा आकार पडत नाही, पण भारतातून घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये फक्त जर्मनी असेल तर जुन्या गावात असतानाच फोन पलीकडच्या टॉवरला जोडला जाऊ शकतो. पॅकच्या यादीत ऑस्ट्रिया आहे का ते तपासा, नसेल तर नेटवर्क हाताने निवडा.

आखमध्ये नदीकाठावरून किल्ला दिसतो, पण पूर्ण नाही. वर जाणाऱ्या रस्त्याने थोडं चढलात की घरांची छपरं खाली राहतात आणि सोंडेवरची पूर्ण रांग एका नजरेत येते. तिथून दोन गोष्टी कळतात. एक, मुख्य किल्ला दक्षिण टोकाला आहे आणि उत्तरेकडे एकामागून एक पाच बाह्य अंगणं जोडत नेली आहेत. दोन, शत्रू येणार तर फक्त उत्तरेच्या सपाटीवरून, म्हणून प्रत्येक अंगणाला स्वतःचा दरवाजा, स्वतंत्र अडथळा. एक पडलं तरी पुढचं लढतं. हे आधी वरून पाहिलेलं असलं की आत चालताना प्रत्येक दरवाजाचा अर्थ लागतो. गंमत अशी, की ज्या काठावरून हे बघायचं तोही 1779 पर्यंत बवेरियाचाच होता. त्या वर्षीच्या टेशनच्या तहात इनफिअर्टेल हा प्रदेश ऑस्ट्रियाला गेला आणि मधोमध असलेलं गाव रातोरात सीमेवरचं झालं. ‘श्टिले नाख्ट’ या नाताळगीताला चाल देणारा फ्रान्झ झावर ग्रूबर इथूनच जवळच्या होखबुर्ग गावात 1787 मध्ये जन्मला, म्हणजे ऑस्ट्रियन म्हणून. आठ-दहा वर्षं आधी जन्मला असता तर जर्मन म्हणून मिरवला गेला असता.

परत येऊन श्टाटप्लाट्झ बघा. फिक्या गुलाबी, पिवळ्या, हिरव्या रंगांची घरं आणि वर सरळ कापल्यासारखी दिसणारी दर्शनी भिंत. छपरं सपाट नाहीत, ती भिंतीमागे दडवली आहेत. इन आणि झाल्त्साखकाठच्या गावांची ही खास बांधणी असून आग एका घरातून दुसऱ्यात पसरू नये हा तिचा मुख्य हेतू. गावाला हा थाट परवडला तो मिठामुळे. हालाइनचं मीठ नदीतून इथे यायचं आणि जकात भरून पुढे जायचं. चौकाच्या पुढची इन डेन ग्र्यूबेन ही कारागिरांची जुनी गल्ली. जमिनीत जाझ कलावंतांच्या नावांच्या पितळी पाट्या बसवल्या आहेत. 1970 पासून इथे दरवर्षी जाझ महोत्सव भरतो. त्या आठवड्यात मुक्कामाची जागा ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

जेवण दीडच्या आत मागवा. बऱ्याच स्वयंपाकघरांत दोन ते साडेपाच चूल बंद असते, आणि सोमवार किंवा मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. शाकाहारी मंडळींनी खालील फसवे पदार्थ लक्षात ठेवावेत. पानकुखनसुपे म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, पण खालचं पाणी गोमांसाच्या रश्श्याचं. बवेरियन बटाट्याच्या सॅलडमध्येही बहुधा मांसाचा रस्सा असतो, ते निरुपद्रवी दिसतं एवढंच. झेमेलक्न्योडेल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, यांत अंडं असतंच, कधी डुकराच्या चरबीचे तुकडेही. नुसतं ‘व्हेजिटेरिश’ म्हणून भागत नाही, ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्यूए’ (मांस नको, डुकराची चरबी नको, मांसाचा रस्सा नको) असं तिन्ही सांगा. निर्धास्त मागवायचं तर केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया), ओबाझ्दा (मऊ चीजचं मिश्रण) आणि ब्रेत्झे (खारा वळलेला पाव), किंवा शेवटी काइझरश्मार्न (गोड जाड धिरड्याचे तुकडे). अंडं न खाणाऱ्यांना यातला ओबाझ्दाच उरतो. काइझरश्मार्नमधले मनुके कधी रममध्ये भिजवलेले असतात, मुलांसाठी मागवत असाल तर विचारा. नळाचं पाणी आपणहून आणून देत नाहीत. बिल देताना टीप धरून एकूण रक्कम तोंडी सांगायची आणि थोडी रोकड जवळ ठेवायची.

चौकातून वर जायला खड्या पायवाटा आहेत. पंधरा-वीस मिनिटांत दम लागेल इतका चढ, पावसात दगड निसरडे, चपटा तळ असलेले बूट नकोत. अंगणांत फिरायला पैसे पडत नाहीत. तिकीट फक्त मुख्य किल्ल्यातल्या संग्रहालयांना. त्याबद्दल स्पष्ट मत: वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर सोडून द्या. उत्तर गोथिक चित्रांची शासकीय चित्रशाळा चांगली आहे, पण तिला सावकाश बघणारा माणूस हवा. हिवाळ्यात ती लवकर बंद होते. गावाचं संग्रहालय त्याहून दुय्यम, आणि छळाच्या हत्यारांचं खासगी प्रदर्शन म्हणजे निव्वळ पैसे काढणं.

त्यापेक्षा हेडविगची कहाणी ठाऊक असलेली बरी. पोलंडची ही राजकन्या 1475 मध्ये लांड्सहूटच्या जॉर्ज या श्रीमंत ड्यूकला दिली. त्या लग्नाचा सोहळा लांड्सहूटमध्ये आजही दर चार वर्षांनी पुन्हा साकारतात. नवरा राज्यकारभारासाठी लांड्सहूटला, ती इथे, 1502 मध्ये मरेपर्यंत. किल्ल्याला आजची लांबी मिळाली तीही मुख्यतः जॉर्जच्याच काळात, तुर्की आक्रमणाच्या धास्तीने. उत्तरेच्या अंगणात तिच्याच नावाच्या संत हेडविगचं छोटं चॅपल आहे. बाहेरच्या अंगणांतली घरं रिकामी नाहीत, तिथे लोक भाड्याने राहतात. खिडकीत डोकावून फोटो काढू नका.

वयस्कर माणसं किंवा बाबागाडी बरोबर असेल तर माझा क्रम विसरा. गाडीने कुराप्लाट्झच्या वाहनतळावर या, आत जाताना वाट बहुतेक सपाट आहे, आणि आल्या वाटेने परत फिरा. बाबागाडीची चाकं मात्र मोठी हवीत, फरसबंदीवर छोटी चाकं अडकतात. आखला वेगळं मोटारीनेच जा. पुलावरून थेट गावात जात असल्याने ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा विन्येट (पथकराचा स्टिकर) लागत नाही.

मुक्काम करणार असाल तर तीन गोष्टी जोडा. उन्हाळ्यात व्योरझेत पोहणं, किल्ल्याच्या भिंतीखाली. प्रवेशशुल्क आहे. मेपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्लेटे नावाच्या लाकडी मिठाच्या होड्यांच्या प्रतिकृतींतून सफर असते. होडी प्रवाहाबरोबर येते, म्हणून चढायचं वरच्या अंगाला टिटमोनिंगच्या बाजूला. आधी नाव नोंदवावं लागतं, आणि नदीला पाणी जास्त झालं तर फेरी रद्द होते. आल्प्समध्ये दोन दिवस पाऊस असेल तर इथे ऊन पडलं तरी खात्री धरू नका. तिसरं, पाच-सहा किलोमीटरवरचा राइटनहासलाखचा मठ. 1803 मध्ये तो बंद झाला, आता म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचं केंद्र तिथे आहे. चर्चमधली योहानेस झिकची छतचित्रं फुकट बघता येतात, आणि हेडविगला पुरलं तेही तिथेच. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर आल्टओटिंगला उतरा. हे मोठं तीर्थक्षेत्र त्याच रेल्वेमार्गावर आहे.

रविवारी दोन्ही काठांवर दुकानं बंद असतात, पाणी आणि खाऊ शनिवारीच घ्या. बाटल्यांच्या ठेवीचं एक लक्षात ठेवा. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट ठेव असते, आणि जानेवारी 2025 पासून ऑस्ट्रियातही तेवढीच. पण दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत. आखमध्ये घेतलेली बाटली बुर्गहाउझेनचं यंत्र परत फेकतं. ती पूल ओलांडायच्या आधीच रिकामी करून तिथल्याच दुकानात परत द्या.