नाना पेठेतलं हेडचं काम: मशीनला पैकीच्या पैकी, धुलाईला काठावर पास

आधी निकाल सांगतो, कारण निम्मे लोक तेवढंच वाचून उठतात. पुण्याच्या नाना पेठेतल्या या मशीन शॉपमध्ये हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) बेधडक द्या. पण परत आलेलं हेड तसंच उचलून इंजिनावर ठेवणार असाल, तर देऊ नका. दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारही आहे, आणि तिथल्या कारागीर चाचांकडे मला अजून कामं पडणार आहेत.

गाडी आमची जुनी टाटा ४०७. मांजरीहून पेंडीची पोती भरून सासवडला निघालो होतो. दिवे घाटात निम्म्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. अण्णा म्हणाले, "वर जाऊन थांबू." मी ऐकलं, तिथंच चुकलो. वर पोचेपर्यंत मागे पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. टो करून घरी आणली, डिपस्टिक ओढली, तर पाणी शिरून ऑइलचा चहा झालेला, तोही दूध जास्त झालेला.

गॅरेजवाला म्हणाला, पूर्ण इंजिन उतरवू. अण्णांनी मनात हिशेब केला आणि गप्पच बसले. संध्याकाळी म्हणाले, "पिंपरीत बनलेली गाडी मांजरीत उघडायला काय हरकत आहे?" इंजिन ४९७, म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). इतकी वर्षं गाडी चालवून हा आकड्याचा अर्थ मला याच कामात कळला. लग्नपत्रिकांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला रॉकर ढकलणारे दांडे) ओळीनं रोवले, बोल्ट दुसऱ्या खोक्यात, आणि हेड काढलं. २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरमधली पॅकिंगची (हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटची) पट्टी जळून काळी झालेली.

चाचांचं काम बघण्यासारखं आहे. हेडवर तिरकी, उभी, आडवी पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवून दाखवलं, ०.१० मिमीचं पान मधोमध सहज जात होतं, म्हणजे हेड वाकलेलं. मग पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटा लावून बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्यात बुडवलं. थंड पाण्यात का नाही, विचारलं. "थंड हेडला तडा तोंड मिटून बसतो, गरम झाला की बोलतो." आमचा काही बोलला नाही. फेस मारला (हेडची खालची बाजू कापून सपाट केली), व्हॉल्व्हचे दोन गाईड बदलले, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कटिंग केलं, व्हॉल्व्ह घासले, निळा रंग लावून प्रत्येक सीटवरचा गोल पूर्ण उमटलेला मला दाखवला. तीन दिवस, बिल ४,६०० रुपये. घरी मी हेडच्या पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटांत) डिझेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी आठही व्हॉल्व्ह कोरडे. याला म्हणतात काम.

आता तक्रार. फेस किती घेतला ते बिलावर नाही. विचारलं तर, "जेवढा लागला तेवढाच." उत्तर खरं असेल, पण माझ्या कामाचं नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला फार थोडी जागा उरते. फेस घेतला की व्हॉल्व्ह आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलचं टोक तेवढं खाली येतं. शेवटी मीच पट्टी लावून बघितलं. चाचांनी सीट आत घेऊन हिशेब बरोबर जुळवला होता. मग लिहायला काय झालं होतं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रॉकर शाफ्टला (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्याला) ऑइल नेणाऱ्या भोकात तार घातली, तर टोकाला मशीनिंगचा चमचमता बीड-बुरा. हा वर गेला असता तर रॉकरचे बुश खाल्ले असते आणि शिव्या आम्ही पॅकिंगच्या कंपनीला घातल्या असत्या. हेड डिझेलनं तीनदा धुतलं, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन प्रत्येक भोकात हवा मारली. तो म्हणाला, "पहिल्यांदाच बिनटायरचं गिऱ्हाईक आलं."

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ बोल्टच्या भोकांनी खाल्ला. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर ते दबत नाही, बोल्ट आवळताना ब्लॉकच चिरतो. म्हणून चिंधी, काडी, पुन्हा चिंधी. पुशरॉड काचेवर गरगर फिरवून सरळ आहेत का बघितले. पॅकिंगची 'टॉप' लिहिलेली बाजू वर. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत. चाकणला कामाला असलेल्या मित्राचा टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की टक्क वाजणारा पाना) आणला होता. अण्णांना तो पटला नाही: "हाताला कळतं." त्यांनी गोटी पाना लावून एक बोल्ट शेवटपर्यंत आवळला आणि "झालं" म्हणाले. रेंच लावला, मॅन्युअलच्या आकड्यावर टक्‌ वाजेपर्यंत तो अजून पाव फेरा फिरला. अण्णा चहा सांगायला घरात गेले.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) सोपे गेले: ४ नंबरचे व्हॉल्व्ह डुलायला लागले की १ नंबरचे सेट करायचे, मग १-३-४-२ या क्रमानं पुढे. नोझलखाली तांब्याचे नवे वॉशर. हातपंपानं फिल्टरची एअर काढली, नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारला, डिझेल फुसफुसून बाहेर आल्यावर आवळले. चौथ्या सेल्फला इंजिन लागलं. पहिलं ऑइल अर्ध्या तासात काढून टाकलं, नवं भरलं, आठवड्यानं पुन्हा बदललं.

नंतर चाचांना बुऱ्याचं सांगायला गेलो. त्यांनी न बोलता भिंतीकडे बोट केलं. पाटी: 'माल तपासून न्या.' मग पोऱ्याला हाक मारून माझ्यासमोरच एका ट्रॅक्टरच्या हेडच्या भोकांत हवा मारायला लावली. रोज मारतात की मी उभा होतो म्हणून, देव जाणे.

जाणार असाल तर ट्रक लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. हेड दोघांशिवाय उचलत नाही. आम्ही रिक्षातून नेलं, आणि खाली पेंडीचं रिकामं पोतं अंथरेपर्यंत रिक्षावाल्यानं मीटर टाकला नाही.