रविवार कारंजाजवळचे दुकान आणि युद्धकाळातील साहित्यिकांची तिकिटे

नाशिकरोडला टपाल तिकिटांचा सरकारी छापखाना असल्यामुळे भारतीय तिकिटांची उत्तम जाण असलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साहित्यिकांच्या स्मरणार्थ निघालेली परदेशी तिकिटे मागितली, की बहुतेक दुकानदार मुंबईला जायला सांगतात. नाशिकमधल्या रविवार कारंजाजवळच्या जुन्या नाण्यांच्या एका छोट्या दुकानात मात्र मला गेल्या महिन्यात सोव्हिएत तिकिटांचे आख्खे स्टॉकबुक (तिकिटे खोचून ठेवायची पट्ट्यांची वही) पाहायला मिळाले.

त्यात १९४१ चा लेर्मोंतोव्ह होता. जर्मनीने त्या वर्षी २२ जूनला सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि जुलैमध्ये या कवीच्या मृत्यूला शंभर वर्षे पूर्ण झाली. युद्ध पेटलेले असतानाच १९४३ मध्ये गॉर्कीची पंचाहत्तरावी, तुर्गेनेव्हची सव्वाशेवी आणि मायकोव्हस्कीची पन्नासावी जयंतीही त्या देशाने तिकिटे काढून साजरी केली. माझ्या लेखी या तिकिटांचे मोल आहे ते यामुळेच.

मी मायकोव्हस्कीची ३० आणि ६० कोपेकची कोरी, म्हणजे न वापरलेली जोडी घेतली. दुकानाच्या काकांनी दोन्ही तिकिटे चिमट्याने उलटी ठेवून भिंग माझ्या हातात दिले, तांबूस नारिंगी तिकिटामागचा हिंजचा (तिकीट वहीत चिकटवायच्या कागदी पट्टीचा) पुसट डाग आणि कोपऱ्यातला आखूड दात (छिद्रांच्या कडेचे टोक) स्वतःहून दाखवला आणि ३५० रुपयांची जोडी २५० ला दिली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला, कारण पूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याने मूळ डिंकाचे म्हणून पाठवलेले तिकीट नव्याने डिंक चढवलेले निघाले होते. दातांच्या टोकांवरही डिंक वाळलेला दिसत होता, आणि मूळ डिंकाच्या तिकिटाला असे सहसा होत नाही, कारण दाते डिंक लावल्यानंतर पाडले जातात.

तक्रार आहे ती साठवणुकीची. स्टॉकबुके ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून आडवी रचलेली आहेत, आणि पावसाळ्याच्या दमटपणाने तुर्गेनेव्हची दोन तिकिटे पानाला कायमची चिकटली आहेत. स्टॉकबुके कोरड्या कपाटात उभी ठेवावीत, अशी विनंती मी काकांना केली. त्यांनी ती मान्य केली असली, तरी तूर्त तिथे कोरे तिकीट घेताना मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शनिवारी नाणी विकणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून इतर दिवशी दुपारी जावे. १९४४ चा क्रिलोव्ह त्यांच्याकडे नव्हता; माझा फोन नंबर त्यांनी वहीत लिहून घेतला आहे.