कुत्र्याने घरातलं काही गिळलं: उलटी करवावी, वाट पाहावी की दवाखाना गाठावा?

कुत्र्याने बाटली चावून फोडलेली दिसली की कुणीतरी हमखास सांगतं, "मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल." ते मुळीच करू नका. मीठ पोटात राहिलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, म्हणजे गिळलेलं राहिलं बाजूला आणि उपायच जिवावर. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्यातल्या त्यात बरं, पण तेही डॉक्टरांनी कुत्र्याचं वजन विचारून मात्रा सांगितली तरच, कारण जठराच्या अस्तराला ते झोंबतं. दवाखान्यात अपोमॉर्फिनच्या इंजेक्शनने काही मिनिटांत उलटी होते, आणि ती थांबवायचं औषधही हाताशी असतं.

काही वस्तूंसाठी तर उलटीचा विचारच नको. आम्ल किंवा नाल्या साफ करायचं द्रावण खाली जाताना अन्ननलिका भाजतं, वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेल, टर्पेंटाइन आणि साबणाचा फेस फुप्फुसात शिरतो. कुत्रा गुंगीत असेल, किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

मग नुसती वाट पाहावी? सिलिका जेलची पुडी खाल्ली असेल तर खुशाल. कुत्रा फारच लहान असेल तर मात्र कागद अडकत नाही ना, तेवढं बघा. पण 'खेळतोय की मस्त' हा पुरावा नव्हे. रक्त पातळ करणारं उंदरांचं विष खाऊनही तो 3 ते 5 दिवस ठणठणीत दिसतो, मग आतून रक्तस्राव सुरू होतो. गाडीच्या कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलने आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग सुधारल्यासारखा वाटतो, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं निकामी होत असतात. उतारा आहे, पण पहिल्या काही तासांतलाच. बटण बॅटरी तर तासाभराचीही सवड देत नाही.

म्हणून वेष्टनावरचं नाव वाचून आधी डॉक्टरांना फोन करा, आणि शंका असेल तिथे माझं मत सरळ दवाखान्याच्या बाजूने. जाताना वेष्टन, गिळल्याची वेळ आणि अंदाजे किती गेलं एवढं सोबत असू द्या. उंदरांच्या विषावर झिंक फॉस्फाइड लिहिलेलं असेल तर वाटेत दूध-पोळी अजिबात देऊ नका: अन्नाने जठरात आम्ल सुटतं आणि विषारी वायू जास्त तयार होतो. तो उलटीतूनही बाहेर पडतो, तेव्हा गाडीच्या काचा उघड्या ठेवा.