इंटर्नशिप: एसी ऑफिस की टिनाचं शेड?

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी यवतमाळ जिल्ह्यात दोन ठिकाणी काम शिकले. एक बियाणे कंपनीचं एसी ऑफिस, स्टायपेंड वेळेवर. दुसरी शेतकऱ्यांची छोटी कंपनी, टिनाच्या शेडात. हातात जेमतेम पेट्रोलचे पैसे.

ऑफिसातल्या साहेबांनी महिनाभर एक्सेलमध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर भरून घेतले. चुकलं की सगळ्यांसमोर बोलायचे, बरोबर काय ते सांगायचे नाहीत. सर्टिफिकेट मात्र छान मिळालं.

शेडातले मॅनेजर भाऊ सकाळी सातलाच गाडी काढायचे. कपाशीत गुलाबी बोंडअळी आहे का, हे मी वरवर बघून सांगायला लागले तर म्हणाले, "मले तोंडी नको सांगू, बोंड फोडून दाखव." मग 20 हिरवी बोंडं तोडायची आणि धुऱ्यावर बसून एकेक फोडायचं. दोनात अळी निघाली की फवारणीची वेळ झाली. मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री आठ-आठ पतंग सापडले, तरी तेच. एकदा माझी मोजणी चुकली आणि एका काकांना विनाकारण फवारणी करावी लागली. भाऊ स्वतः त्यांच्या घरी गेले, "चूक आमची" म्हणाले. परतताना त्याच वावरात गाडी थांबवून माझ्याकडून पुन्हा वीस बोंडं मोजून घेतली. आवाज एकदाही चढला नाही.

घरी पैशांची खरंच अडचण असेल तर ऑफिस घ्या, त्यात कमीपणा नाही. नाहीतर आधीच्या पोरांना एवढंच विचारा: तुमचं चुकलं तेव्हा साहेब काय बोलले?