दुभतं जनावर बाजारातून आणावं की ओळखीच्या गोठ्यातून?

बडोद्याच्या वेशीवर दोन-चार जनावरं बांधून असलेल्या आपल्या मंडळींना किमतीची घासाघीस छान जमते. विषाणूचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

लाळ्या-खुरकूत हा रोग, म्हणजे इथला खरवा-मोवासा, हिशेबात धरला तर बाजार सपशेल हरतो. तिथे दहा गावांची जनावरं एकाच हौदात तोंड घालतात. लागण झालेलं जनावर फोड दिसण्याआधीच विषाणू सोडू लागतं, तेव्हा जीभ नि खूर पाहून घेतलं तरी खात्री नाही. टेम्पो, दलालाचे बूट, धार काढणाऱ्याचे हात, सगळ्यांवरून तो पुढे जातो. ओळखीच्या पटेलांकडे निदान विचारता येतं: गेल्या सहा महिन्यांत लस टोचली का? शेजारी कोणाचं जनावर लाळ गाळत होतं का? कानातला 12 आकडी बिल्ला बाजारात नि गोठ्यात, दोन्हीकडे पाहा, पण बिल्ला म्हणजे लस नव्हे. टोचल्याची नोंद मागा.

लम्पी या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगापुढे मात्र ही ओळख फारशी कामाची नाही. तो मुख्यतः चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. 2022 मध्ये गुजरातेत त्याने किती गाई नेल्या ते सांगायला नको. जनावर कुठूनही आणा, गोठ्यामागे पाणी तुंबलेलं नि उकिरडा भिंतीला टेकलेला असेल तर धोका तुमच्याच घरात आहे. इथे खरेदीच्या जागेपेक्षा जनावर कोणतं, हे जास्त मोलाचं. गाईंना, त्यातही संकरित गाईंना, लम्पी जास्त छळतो, म्हशींना कमी. विश्वामित्रीकाठच्या सखल जागेत मी तरी सुरती म्हैसच घेईन. (लाळ्या-खुरकूत म्हशीलाही सोडत नाही, हे आलंच.)

तेव्हा माझा कौल ओळखीच्या गोठ्याला, चार पैसे जास्त पडले तरी. आधी घरच्या जनावरांच्या लसी पुऱ्या करा: खुरकुताची दर सहा महिन्यांनी, लम्पीची वर्षातून एकदा. लसीनंतर अंगात रोगाशी लढायची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून सौदा त्यानंतर. नवं जनावर 28 दिवस वेगळं बांधा, बादली निराळी ठेवा, त्याची धार सगळ्यांत शेवटी काढा.

वेगळं बांधायला जागाच नसेल, तर खरेदीचाच नाद सोडा आणि घरचीच कालवड वाढवा. दूध उशिरा येईल, एवढंच.