आधी फिट, मग ट्रेनर, ॲप शेवटी: पावसाळ्यात घरात सायकल चालवायची तर पैसे कुठे घालावेत?

जून उजाडला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. "ट्रेनर कुठला घेऊ?" आणि "झ्विफ्टचे पैसे भरू की फुकटचं मायवूश पुरेल?" ट्रेनर म्हणजे सायकल जागेवर पक्की धरून घरात पेडल मारू देणारं यंत्र. झ्विफ्ट आणि मायवूश ही त्यासोबत पडद्यावर आभासी रस्ते दाखवणारी ॲप. तिसरा प्रश्न साधारण ऑगस्टमध्ये येतो. "गुडघा दुखतोय, कुणी चांगला फिजिओ सांगा." पहिल्या दोन प्रश्नांवर तासन्‌तास वाद रंगतात. तिसरा मात्र मुळात बाइक फिटचा, म्हणजे सायकल आपल्या अंगमापाला जुळवून घेण्याचा असतो आणि तो विचारायला दोन महिने उशीर झालेला असतो. म्हणून पैसे मोजके असतील तर माझा क्रम ठरलेला आहे: आधी फिट, मग ट्रेनर आणि पंखा, ॲप सगळ्यात शेवटी.

कारण साधं आहे. रस्त्यावर आपण एका जागी फार वेळ बसतच नाही. खड्डा आला की उठतो, सिग्नलला पाय टेकतो, उतारावर पेडल थांबवतो, कुणी आडवं आलं की अंग चोरतो. यातलं काहीही ट्रेनरवर होत नाही. सायकल जागेवर खिळलेली असते, ती डावी-उजवीकडे झुकतही नाही. ८५च्या कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ८५ फेऱ्या मारत, तासभर चालवलं तर गुडघा ५,१०० वेळा जवळजवळ त्याच कोनात वाकतो. सीट सेंटीमीटरभर खाली असेल तर रस्त्यावर ते खपून जातं. ट्रेनरवर दुसऱ्या आठवड्यातच गुडघा बोलायला लागतो.

फिट: घरी, दुकानात की फिटरकडे?

दुकानात सायकल घेताना जे होतं त्याला फिट म्हणू नये. उंची विचारतात, "तुम्हाला मीडियम बसेल" म्हणतात, सीट कमरेला लावून बघतात, झालं. फ्रेमचा साइज साधारण बरोबर निघाला तरी नशीब. ही पायरी फुकट आहे आणि त्या किमतीत ठीकच आहे.

घरच्या घरी करायचं फिट यापेक्षा बरंच पुढे जातं. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक धरून ते सीटसारखं घट्ट वर दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करा आणि जमिनीपासून मोजा. त्याला ०.८८३ने गुणा. हे सूत्र अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं. पायाची लांबी ८० सेंमी असेल तर उत्तर येतं साधारण ७०.६ सेंमी. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, मधोमध असलेल्या बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर ठेवायचं. हा सुरुवातीचा आकडा समजा, कारण बुटाचा तळ आणि पेडलची जाडी यात धरलेली नाही. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. पुढे नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडा वाक आपोआप येतो. तो २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा. मित्राला फोन देऊन बाजूने व्हिडिओ काढून घ्या, तो थांबवा आणि कोन मोजा. हे काम करून देणारी ॲपही मिळतात.

यापुढे बदल करताना एका वेळी तीन ते पाच मिलिमीटरच सरकवायचे आणि आधीच्या उंचीवर इलेक्ट्रिकल टेपची पट्टी लावून ठेवायची. लोक इथेच घाई करतात. सीट वर घेतात, पुढे सरकवतात, स्टेमही (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बदलतात, सगळं एकाच रविवारी. मग बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही आणि बिघडलं तरी कळत नाही.

दुखणं कुठे आहे यावरून अंदाज बांधता येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल आणि पेडल मारताना कंबर दोन्ही बाजूंना डुलत असेल तर सीट वर आहे. तळहात बधिर होत असतील तर सगळे आधी हँडलला दोष देतात. पण सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की आपण सतत पुढे घसरतो आणि अंगाचा भार हातांवर येतो. आधी ते बघा. पायाची बोटं बधिर होत असतील तर बूट घट्ट आहे किंवा क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी बुटाखालची पट्टी) फार पुढे आहे.

पैसे देऊन फिट करून घेण्यात दोन दर्जे असतात. एकात मापं घेऊन सूत्रांनुसार सायकल लावून देतात. हे घरच्यापेक्षा फार वेगळं नसतं. दुसऱ्यात तुम्हाला ट्रेनरवर चालवायला लावतात, अंगावर मार्कर लावून कॅमेऱ्याने हालचाल टिपतात आणि चालवता-चालवता बदल करतात. रेट्युलसारख्या यंत्रणा या प्रकारातल्या. खर्च काही हजारांत जातो. मात्र यंत्र किती महाग आहे यापेक्षा फिटर काय विचारतो याकडे लक्ष द्या. त्याने तुम्हाला सायकलवर बसवण्याआधी टेबलावर झोपवून मांडीचे मागचे स्नायू किती ताणले जातात, दोन्ही पाय सारखे आहेत का हे बघितलं का? जुनं दुखणं, बसण्याची नोकरी, आठवड्याला किती किलोमीटर हे विचारलं का? वीस-पंचवीस मिनिटं चालवून दमल्यावर पुन्हा बघितलं का? शेवटी सगळे आकडे कागदावर दिले का, आणि महिन्याने परत या म्हणाला का? फोनवर हे विचारून घ्यायला लाजू नका. जो "आमच्याकडे लेझर आहे" एवढंच सांगतो त्याच्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घरचं कुणाला पुरेल? कुठलंही जुनं दुखणं नाही, साधे पेडल आहेत, आठवड्याला तीन-चार तास चालवायचं आहे, त्यांनी पुस्तक, टेप आणि फोनवर भागवावं. पाठ, गुडघा किंवा कंबरेची तक्रार आधीपासून असेल, क्लीट वापरत असाल किंवा पावसाळ्यानंतर बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायच्या असतील त्यांनी फिटरकडे जावं. २०० किमीच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा-बारा तास सीटवर काढायचे असतील तर घरचा अंदाज कमी पडतो. आणि फ्रेमच मोठी असेल तर फिटरही फार काही करू शकत नाही. छोटा स्टेम लावून थोडं भागतं, त्यापलीकडे सायकल बदलणं हाच उपाय.

ट्रेनर: यात फार घोळ नको

दोन जाती आहेत. मागचं चाक रोलरवर टेकवायचं तो व्हील-ऑन, आणि चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चक्रांवर) चढवायची तो डायरेक्ट ड्राइव्ह. व्हील-ऑन स्वस्त, पण टायर घासतो, आवाज करतो आणि टायरमधल्या हवेनुसार वॉट्सचा (पायांच्या ताकदीचा) आकडा बदलतो. डायरेक्ट ड्राइव्ह शांत, आकडा साधारण एक-दोन टक्क्यांच्या आत बरोबर, पण बऱ्याच जणांच्या सायकलपेक्षा महाग.

डायरेक्ट ड्राइव्ह घेण्याआधी मागचे गिअर मोजा. आपल्याकडच्या अनेक हायब्रिड सायकलींना ७ स्पीडचं, चाकाच्या मध्यावर (हबवर) आट्याने बसणारं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या गिअरचा संच असतो. तो ट्रेनरवर चढत नाही. ७ स्पीडची कॅसेट वेगळी घेऊन मागे स्पेसर (जागा भरणारी कडी) टाकून काम भागतं, पण दुकानदाराला हे आधी विचारा. झ्विफ्ट कॉग नावाचा एकाच दातेरी चक्राचा प्रकारही मिळतो. तो ८ ते १२ स्पीडच्या चेनवर चालतो आणि गिअर हँडलवरच्या बटणांनी 'आभासी' बदलतात. सात स्पीडवाले इथेही बाहेरच.

फिटशी ट्रेनरचा थेट संबंध एका ठिकाणी येतो. व्हील-ऑन ट्रेनर मागचं चाक थोडं उचलतो. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवला नाही तर सायकल पुढे झुकते, हात दुखतात आणि माणूस उगाच नवा स्टेम मागवतो. दोन्ही चाकांचे ॲक्सल (आस) जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहेत का हे टेपने मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही.

पंख्यावर कंजुषी करू नका. छताचा पंखा पुरत नाही. समोरून छातीवर वारा मारणारा पेडेस्टल हवा, कोकणात किंवा मुंबईत तर दोन. स्टेमवर टॉवेल टाका, कारण घामातलं मीठ हेडसेटचे (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याचे) बोल्ट गंजवतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड मॅट घाला. आवाजापेक्षा कंप खालच्या मजल्यावर जास्त जातो, आणि पहाटे साडेपाचला सोसायटीत शत्रू करून घेण्यात अर्थ नाही.

झ्विफ्ट, मायवूश, रुवी, ट्रेनररोड

झ्विफ्ट या चार ॲपांतलं सगळ्यात रुळलेलं. २०१४ मध्ये बीटा स्वरूपात आलं. वाटोपिया नावाचं काल्पनिक बेट, त्यात ज्वालामुखी, जंगल, आणि फ्रान्समधल्या आल्प द्यूएझ घाटाच्या २१ वळणांची नक्कल केलेला आल्प दु झ्विफ्ट, हजार मीटरहून जास्त चढाचा. याचं खरं बळ गर्दी. पहाटे साडेपाचला तुम्ही पुण्यात ट्रेनरवर बसता तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेनुसार न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे रेस आणि ग्रुप राइडला माणसं असतातच. युरोपातली संध्याकाळची गर्दी गाठायची तर मात्र आपल्याला रात्री जागावं लागतं. हा खेळ गंभीरही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन २०२०च्या झ्विफ्ट अकॅडमी या निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२च्या व्हुएल्तात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, त्याने दोन टप्पे जिंकले. किंमत महिन्याला १९.९९ डॉलर, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं.

मायवूश अबुधाबीचं आणि पूर्ण फुकट. फुकट म्हणून हलकं समजू नका. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयची ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा आधी झ्विफ्टवर व्हायची, २०२४ मध्ये ती मायवूशवर आली आणि अंतिम फेरी अबुधाबीत झाली. वर्कआउट भरपूर, चित्रं देखणी. पण त्या चित्रांना दमदार मशीन लागतं. जुन्या फोन-लॅपटॉपवर अडखळतं. गर्दीही झ्विफ्टपेक्षा कमी, तेव्हा आडवेळी बसलात तर बराच वेळ एकट्याने चालवायची तयारी ठेवा.

रुवीचा बाज वेगळा. चेक प्रजासत्ताकातली ही कंपनी खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ वापरते आणि चढानुसार ट्रेनर जड-हलका होतो. आल्प्समधल्या घाटांत जाण्याचं स्वप्न असेल, किंवा एखाद्या रेसचा मार्ग आधी पायाखालून घालायचा असेल तर हे उत्तम. कार्टून बघून कंटाळणाऱ्या मंडळींना हेच आवडतं. रेसिंगची चुरस मात्र झ्विफ्टइतकी नाही.

ट्रेनररोडमध्ये बघायला जवळजवळ काहीच नाही. निळे खांब आणि एक रेषा. शेजारच्या स्क्रीनवर क्रिकेट लावा आणि सांगितलेले वॉट्स मारा. तुमचे आकडे बघून पुढचा आठवडा ते आखून देतं. ज्यांना कोच नको पण शिस्त हवी त्यांच्यासाठी चांगलं. करमणूक हवी असेल त्यांना दहा दिवसांत वीट येईल.

गुडघ्याच्या दृष्टीने या सगळ्यांत दोन सेटिंग माहीत हवीत. झ्विफ्टमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' मुळात ५० टक्क्यांवर असते, म्हणजे ८ टक्क्यांचा चढ पायाला ४ टक्क्यांसारखा लागतो. मर्दानगी म्हणून ती १०० करू नका. वर पोहोचायला लागणारे वॉट्स तेवढेच राहतात, फक्त हलके गिअर संपतात आणि जड पेडल मारत बसावं लागतं. दुसरं म्हणजे अर्ग मोड. त्यात ट्रेनर वॉट्स पक्के धरून ठेवतो. तुम्ही दमून कॅडन्स कमी केलात की तो पेडल आणखी जड करतो, त्याने तुम्ही आणखी मंदावता. ५०च्या कॅडन्सवर अडकून गुडघ्याने रेटण्याऐवजी सरळ थांबा, अर्ग बंद करा, पाय फिरता करा आणि मग परत चालू करा. आणि दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभे राहा. बसायची जागा बधिर होण्यावर हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

तर कुणी काय घ्यावं?

पहिलाच पावसाळा असेल तर घरचं फिट, व्हील-ऑन ट्रेनर आणि मायवूश. महिनाभर नियमाने बसलात तर पुढचा खर्च करा. जुनी सायकल कायमची ट्रेनरवर ठेवणार असाल तर रस्त्यावरच्या सायकलची चार मापं तिच्यावर उतरवा: सीटची उंची, सीट बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचं अंतर, आणि हँडल सीटपेक्षा किती खाली.

बीआरएमवाल्यांनी ॲपचे पैसे वाचवून चांगल्या फिटरला द्यावेत. लांब पल्ल्यात ताकदीआधी मान, हात आणि बसायची जागा संपते. रेसची खुमखुमी असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह आणि झ्विफ्ट, यात वाद नाही. वजन मात्र खरं भरा. तिथे ताकद किलोमागे मोजतात आणि चार किलो कमी सांगून जिंकणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये असतात.

झ्विफ्ट घेतलंत तर वर्षाचं घेऊ नका. वर्षाचे १९९.९९ डॉलर पडतात. जून ते सप्टेंबर महिन्या-महिन्याने भरलंत तर ८० डॉलरमध्ये भागतं. ऑक्टोबरात रस्ते सुकले की वर्गणी रद्द करायची, तेवढी आठवण फोनवर आत्ताच लावून ठेवा.